गोड हवं, पण पोटावर दगड नको

प्रश्न: रात्रीच्या जेवणानंतर आमच्याकडे सगळ्यांनाच काहीतरी गोड लागतं. पण केक, चीजकेक, क्रीमचं पुडिंग असलं काही खाल्लं की तासभर पोट तट्ट राहतं, झोपही धड लागत नाही. म्हणून मी हेच पदार्थ हलके करून पाहिले. केकमध्ये साखर आणि लोणी निम्मं केलं, तर तो रबरासारखा झाला. क्रीमऐवजी लो-फॅट दही घेऊन आइसक्रीम लावलं, ते दगड झालं. चायना ग्रास घालून दुधाची जेली केली, ती अक्षरशः चावून खावी लागली. एकदा चीजकेकमध्ये साखरेऐवजी मध घातला, जडपणा होता तसाच. आणि प्रत्येक वेळी नंतर सगळे बिस्किटांचा डबा उघडतात! आम्ही अंडं खातो, घरी ओव्हन आहे, पण रोज तासभर ओट्याशी उभं राहणं जमणार नाही. काय करू?

उत्तर: तुमचा हात चुकला नाही, पदार्थ चुकले. चारही वेळा तुम्ही एक जड पदार्थ घेतलात आणि त्यातून काहीतरी वजा केलंत किंवा बदललंत. केक आणि चीजकेक उभेच असतात लोणी, क्रीम आणि साखरेच्या जिवावर. तेच काढून घेतलं तर खाली उरतं ते कुणालाच नको असतं, आणि मग हात बिस्किटांकडे जातो. त्यामुळे हे पदार्थ तीन-चार महिन्यांतून एकदा पुरते जड करून खा, आणि रोजच्यासाठी मुळातच हलके असलेले निवडा.

आधी जडपणा येतो कुठून ते पाहू. साखरेवर सगळा राग निघतो, पण पोटात तासन्‌तास बसून राहतो तो मुख्यतः स्निग्धांश. तो पोटातून पुढे सरकायला वेळ घेतो. शिवाय साखरेच्या एका ग्रॅममधून ४ कॅलरी मिळतात, तर स्निग्धांशाच्या एका ग्रॅममधून ९. व्हिपिंग क्रीममध्ये साधारण ३५ टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या सायीसकट दुधात ३.५ ते ४ टक्के. म्हणजे क्रीमवर उभा असलेला पदार्थ सोडून दुधावर उभा असलेला पदार्थ केलात, तर एका उडीत स्निग्धांश दहाव्या हिश्शावर येतो. तेवढ्यासाठी साखर निम्मी करायची गरजच पडत नाही. मधाचा प्रयोग का फसला तेही यातच आलं. मध म्हणजे जवळजवळ ८० टक्के साखरच, बाकी बहुतेक पाणी. तुमचा जडपणा क्रीम चीजमध्ये होता आणि तुम्ही बदललीत साखर.

केकचं रबर का झालं, हेही समजून घ्या. साखर केकमध्ये फक्त गोडीसाठी नसते. ती पाणी धरून ठेवते, मैद्यातलं ग्लुटेन (चिवटपणा आणणारं प्रथिन) फार बळकट होऊ देत नाही आणि अंडं व स्टार्च घट्ट होण्याचं तापमान वर नेते, त्यामुळे केकला फुगायला वेळ मिळतो. साखर निम्मी केली की केक लवकर आवळतो, कमी फुगतो आणि चिवट होतो. वर लोणीही कमी, मग चिवटपणाला आडकाठीच उरली नाही. केकमधली साखर चौथा हिस्सा कमी केली तर सहसा चालून जातं, त्याहून जास्त कमी करू नका.

आता साखर न वाढवता गोडी कशी वाढवायची. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते, कोमट पदार्थाची जास्त. त्यामुळे कोमट खायच्या पदार्थात साखर आपसूक कमी लागते, तर गोठवायच्या पदार्थात ती कमी करणं अंगाशी येतं. चिमूटभर मीठ कडवटपणा दाबतं आणि गोडी पुढे आणतं. कोको, कॉफी, सुकामेवा जिथे असेल तिथे ते घालाच. व्हॅनिला आणि दालचिनीच्या वासाची गोडाशी इतकी सांगड बसलेली असते की तेवढ्यानेही पदार्थ थोडा अधिक गोड वाटतो. शेवटची युक्ती आम्हाला सगळ्यात उपयोगाची वाटते: गोडी पदार्थाच्या पोटात मुरवण्यापेक्षा वर ठेवा. पुडिंगमध्ये दोन चमचे साखर जास्त घातली तर कळतही नाही, पण तेच दोन चमचे पातळ कॅरमल होऊन वर आले की पहिल्या घासालाच जीभ खूश.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे भाजलेलं कस्टर्ड. सहा लहान वाट्यांसाठी ५०० मिली दूध, ३ अंडी, ५० ग्रॅम साखर, व्हॅनिला आणि चिमूटभर मीठ; कॅरमलसाठी वेगळी ५० ग्रॅम साखर. जाड बुडाच्या, फिक्या रंगाच्या भांड्यात ही साखर मंद आचेवर वितळू द्या. काळ्या भांड्यात रंग कळत नाही आणि कॅरमल जळतं. चमच्याने ढवळू नका, भांडंच हलकं फिरवा. ढवळलं की साखरेचे दाणे परत धरतात. रंग गडद सोनेरी झाला आणि नुसता धुराचा भास झाला की लगेच वाट्यांच्या तळाशी ओता. आणखी अर्धा मिनिट थांबलात तर कडू होईल. हात सांभाळा, कॅरमलचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट.

दूध हाताला चांगलं गरम लागेल इतपतच तापवा, उकळू नका. अंडी आणि साखर काट्याने मिसळा, पण फेटू नका. फेस आला की तोच वर बुडबुड्यांचा थर होऊन बसतो. त्यात दूध थोडं थोडं करत ओता, गाळून वाट्यांत भरा. वाट्या खोल ट्रेमध्ये ठेवून त्यांच्या निम्म्या उंचीपर्यंत गरम पाणी घाला आणि १५० अंशांवर ३० ते ४० मिनिटं भाजा. कडा धरलेल्या आणि मधला रुपयाएवढा भाग वाटी हलवल्यावर अजून थरथरतोय, त्या क्षणी बाहेर काढा. तो भाग निवताना आपोआप धरतो. पूर्ण घट्ट होईपर्यंत वाट पाहिलीत तर अंड्यातली प्रथिनं आवळून पाणी बाहेर ढकलतात. मग कस्टर्डला जाळी पडते आणि बाजूने पाणी सुटतं. ट्रेमधलं पाणी त्यासाठीच आहे, त्याच्यामुळे वाटीभोवतीचं तापमान शंभराच्या वर जात नाही. ओव्हन लावायचा कंटाळा आला तर मोदकपात्रात अगदी मंद आचेवर, झाकणाला कापड बांधून, १२ ते १५ मिनिटं वाफवा. कापड नसेल तर झाकणावरचं पाणी टपटप वर पडून खड्डे पडतात. नंतर किमान ४ तास फ्रिजमध्ये ठेवा, कारण तळाचं कडक कॅरमल कस्टर्डच्या ओलाव्यात विरघळून रस व्हायला तेवढा वेळ लागतो. एका वाटीत कॅरमलसकट १७ ग्रॅमच्या आसपास साखर आणि ५-६ ग्रॅम स्निग्धांश. रविवारी केलं तर बुधवारपर्यंत पुरेल.

जेलीकडे वळू, कारण तुमच्या चुकीतून फार छान गोष्ट निघू शकते. चायना ग्रास, म्हणजे अगर-अगर, जिलेटिनसारखं तोंडात विरघळत नाही. ते ४० अंशांच्या खाली धरतं, पण परत वितळायला ८५ अंश लागतात. तोंडात तेवढी उष्णता कुठून येणार? म्हणून प्रमाण थोडं जरी जास्त झालं की चावत बसावं लागतं. अर्ध्या लिटर दुधाला पूड ३ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा, पुरे. पट्ट्या असतील तर ५ ग्रॅम. त्या अर्धा तास पाण्यात भिजवून, निथळून घ्या. पाकिटावरचं प्रमाण बहुतेक वेळा सुरीने कापता येईल अशा वड्यांसाठी असतं, चमच्याने खायच्या जेलीसाठी नाही. पूड गार दुधातच मिसळा, गरम दुधात टाकली की गुठळ्या. मग ढवळत उकळी आणा आणि उकळी आल्यावर पुढे २-३ मिनिटं उकळू द्या. इथे घाई केली की पूड नीट विरघळत नाही आणि खालचा भाग घट्ट, वरचा पातळ राहतो. शंका असेल तर चमचाभर मिश्रण गार ताटलीवर टाका. दोन मिनिटांत धरलं की बोटाने दाबून पाहा: फार घट्ट वाटलं तर दूध वाढवा, फार सैल असेल तर थोड्या गार दुधात कालवलेली पूड घालून पुन्हा उकळा.

आता खरी युक्ती. हीच जेली ४५ ग्रॅम साखर आणि व्हॅनिला घालून करा, फ्रिजमध्ये पूर्ण धरू द्या, तुकडे करा आणि मिक्सरमधून फिरवा. पहिल्यांदा कचकचीत दाणे दिसतील आणि तुम्हाला वाटेल वाया गेली. थांबू नका. भांड्याच्या कडा खरवडत मिनिटभर फिरवत राहा. एका क्षणी सगळं एकजीव होऊन चकचकीत, दाट क्रीम तयार होतं, चमच्यावरून सावकाश घसरणारं. त्यात क्रीमचा थेंब नाही, लोणी नाही. वाटीत ओता, वर आंबट फळांचे तुकडे टाका. तरीही खरखरीत लागलं तर चायना ग्रास जास्त झालंय, दोन-तीन चमचे दूध घालून परत फिरवा. मात्र या दुधात कच्चा अननस, पपई किंवा किवी मिसळू नका. त्यांतली एन्झाइम्स दुधातली प्रथिनं तोडतात आणि क्रीम तासाभरात कडू होतं. फळ ५ मिनिटं शिजवून घेतलं किंवा अगदी खाताना वर टाकलं तर काही होत नाही.

चॉकलेटची हौस असेल तर चॉकलेट न वितळवता कोको पावडर घ्या. पुडिंग करणारी मंडळी कोकोला कमी लेखतात, पण चॉकलेटची चव बहुतांशी त्याच्यातच असते, जड भाग कोको बटरचा. २० ग्रॅम कोको, २५ ग्रॅम कॉर्नफ्लोर, ५५ ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ कोरडंच मिसळा. साखरेचे दाणे मध्ये आले की कोकोच्या गुठळ्या होत नाहीत. त्यात अर्ध्या लिटरमधलं वाटीभर गार दूध घालून पेस्ट करा, उरलेलं दूध गरम करून त्यात ओता आणि आचेवर ठेवून तळ खरवडत ढवळा. मिश्रण दाटलं की बरेच जण गॅस बंद करतात, इथेच फसगत होते. बुडबुडे यायला लागल्यावर आणखी दीड-दोन मिनिटं शिजवा, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते आणि पुडिंग फ्रिजमध्ये सैल पडतं. निवल्यावर मात्र हात लावू नका. धरलेल्या पुडिंगला ढवळलं की ते मोडतं आणि पुन्हा दाटत नाही. साय नको असेल तर प्लॅस्टिकची फिल्म वाटीवर ताणण्याऐवजी थेट पुडिंगला चिकटवा. कोकोसोबत चिमूटभर इन्स्टंट कॉफी घातली तर चॉकलेट जास्त गडद लागतं, कॉफी कळत नाही.

गोठवायच्या पदार्थांत साखर कमी करू नका, वाटी लहान करा. हे वाक्य फ्रीजरच्या दारावर चिकटवायला हरकत नाही. साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, त्यामुळे आइसक्रीममधलं सगळं पाणी बर्फ होत नाही आणि चमचा आत जातो. तुमच्या लो-फॅट दह्यात स्निग्धांश फारसा नव्हता, साखर जेमतेम होती, पाणी मात्र भरपूर, दगडच होणार. त्यावर उपाय असा: किलोभर सायीसकट दूध विरजून लावलेलं दही कापडात बांधून फ्रिजमध्येच ६ ते ८ तास टांगा. बाहेर टांगलं तर आंबटतं. त्यातून निघालेल्या चक्क्यापैकी ४०० ग्रॅम घ्या. १५० ग्रॅम मऊ फळांचा गर आटवून, गार करून घ्या. कच्च्या गरातलं पाणी परत बर्फच होतं. ९० ते १०० ग्रॅम पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ घालून सगळं चमच्याने कालवा. मिक्सर लावला तर चक्का पातळ होतो. पसरट डब्यात गोठवा, पहिल्या दोन तासांत दर अर्ध्या तासाने कडेचा भाग मध्ये ओढत ढवळा आणि खायच्या १५-२० मिनिटं आधी डबा फ्रीजरमधून फ्रिजमध्ये काढून ठेवा.

याहून सोपं हवं असेल तर केळी. सालीवर तपकिरी ठिपके पडलेली ३ केळी घ्या. पिकताना केळ्यातल्या स्टार्चची साखर झालेली असते, म्हणून वरून साखर लागतच नाही. पिवळीधमक केळी घेतलीत तर चव पिठूळ आणि तुरट येते. एक सेंटिमीटरच्या चकत्या ताटात सुट्ट्या पसरून ४-५ तास गोठवा. एकमेकींना चिकटल्या तर मिक्सरची पात अडकते. फिरवल्यावर आधी रवाळ चुरा होतो, मग गोळा, मग अचानक मऊ आइसक्रीम. बहुतेक जण चुऱ्याच्या टप्प्यावर धीर सोडून दूध ओततात आणि हाती मिल्कशेक येतो. फार तर दोन चमचे दूध घाला, मिक्सर तापला तर मिनिटभर थांबा. एक चमचा कोको आणि मीठ घातलं तर मुलांना केळं आहे हे सांगावं लागतं. हे लगेच खायचं, दुसऱ्यांदा गोठवलं की कडक होतं.

जेवण भरपेट झालं असेल त्या दिवशी दुधाचं काहीच नको, कलिंगडाचा गोठवलेला किस करा. बिया काढलेला ६०० ग्रॅम गर, ६० ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. फिरवून पसरट ट्रेमध्ये ओता, थर बोटभर जाडीचा. पाऊण तासाने कडा गोठल्या की काट्याने खरवडा, मग दर अर्ध्या तासाने, एकूण तीनेक तास. साखर यापेक्षा फार कमी झाली तर एकसंध लादी बनते आणि जास्त झाली तर रात्रभर पातळच राहतं. स्निग्धांश जवळपास शून्य.

आणि थंडी असेल तेव्हा सफरचंद. देठाकडून गाभा कोरून काढा, तळाशी सेंटिमीटरभर राहू द्या, नाहीतर रस गळून जातो. कमरेभोवती सालीला सुरीने एक चीर द्या, म्हणजे वाफेने साल कुठेही फाटणार नाही. आत बेदाणे, थोडे अक्रोड, दालचिनी, चमचाभर साखर. ट्रेमध्ये अर्धी वाटी पाणी घालून १८० अंशांवर ३५ ते ४५ मिनिटं. एकटंच खायचं असेल तर मायक्रोवेव्हमध्ये झाकून ३-४ मिनिटं पुरतात. कोमट असल्याने चमचाभर साखरेची गोडी पूर्ण कळते. फुसफुशीत, भुसभुशीत जातीचं सफरचंद मात्र लगदा होतं; घट्ट आणि थोडं आंबट घ्या.

एक वेगळी शंका तपासून पाहा. पोट जड होणं आणि पोट फुगणं वेगळं. दुधाच्या कुठल्याही गोडानंतर गुडगुड, गॅस असं होत असेल तर दोष लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा, असू शकतो. अशा वेळी पुडिंगपेक्षा चक्का सोसतो, कारण विरजताना लॅक्टोज कमी होतं आणि बरंचसं निवळीबरोबर निघून जातं. साखरविरहित म्हणून मिळणाऱ्या गोळ्या-चॉकलेटांत सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) असेल तर त्यानेही पोट फुगतं, क्वचित ढाळ लागतात. घरात कुणाला मधुमेह असेल तर इथली साखरेची मापं त्यांच्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना दाखवूनच वापरा. ‘हलकं’ म्हणजे ‘साखरेचं नाही’ असा अर्थ होत नाही.

राहिला बिस्किटांचा डबा. तुमच्या सगळ्या प्रयोगांत एक गोष्ट कुठेच नव्हती: कुरकुरीतपणा. मऊ, गार, गुळगुळीत पदार्थ कितीही गोड असला तरी दातांना काही काम मिळत नाही, आणि मग माणूस बिस्किट शोधतो. म्हणून वाटी १०० ग्रॅमचीच ठेवा, पण वर १० ग्रॅम कोरडे भाजलेले बदामाचे काप टाका, नाहीतर एकच बिस्किट हाताने चुरडून. बदाम तेलतुपाशिवाय मंद आचेवर, वास सुटेपर्यंत भाजा आणि लगेच ताटात काढा. गरम कढईत राहिले तर आच बंद केल्यावरही करपतात. आणि हे टाकायचं वाटी हातात देताना. आधी टाकून फ्रिजमध्ये ठेवलंत तर दहा मिनिटांत मऊ पडेल आणि डबा पुन्हा उघडेल.